खरेदीखत नंतर करू

मराठीत या कागदाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. वकील मंडळी आणि टंकलेखक 'साठेखत' लिहितात. जुन्या दप्तरांतून 'साटेखत' असंही सापडतं. साटं म्हणजे सौदा, देवघेव. साटंलोटं म्हणतो ना आपण, त्यातलंच ते. मला स्वतःला दुसरं रूप अधिक प्रामाणिक वाटतं, कारण 'साठे' म्हटलं की काहीतरी साठवून ठेवल्याचा भास होतो. आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांतून या कागदाचं नेमकं तेच होतं, तो साठवला जातो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बिस्किटांच्या जुन्या डब्यात आणि डबा गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात, लग्नातल्या शालूच्या खाली. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की 'घराचे कागद' तिथे आहेत. ते वाचलेले मात्र कुणीच नसतात.

बँकेतल्या नोकरीत असे डबे मी पुष्कळ उघडले. गृहकर्जासाठी किंवा मुलाच्या शिक्षणाच्या कर्जाला तारण म्हणून माणसं ते घेऊन येत. डबा टेबलावर ठेवताना चेहऱ्यावर जी निश्चिंती असे, ती कागद वाचून होईपर्यंत टिकवणं मला फार वेळा जमलं नाही. 'साहेब, आम्ही पंधरा वर्षं राहतोय की तिथे!' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की एखाद्या कादंबरीत घातलं असतं तर संपादकानं पुनरुक्ती म्हणून कापलं असतं.

गोष्ट साधी आहे आणि तिथेच ती फसवते. साठेखत म्हणजे 'मी तुला हे घर विकीन' असा करार आणि खरेदीखत म्हणजे 'मी तुला हे घर विकलं' असा दस्त. या दोन वाक्यांमधल्या काळाच्या फरकावर अख्खा कायदा उभा आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा आपला कायदा १८८२ सालचा. त्याच्या ५४ व्या कलमात स्वच्छ लिहिलंय, की विक्रीच्या कराराने त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध आपोआप निर्माण होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची, तर नोंदणी केलेला दस्तच लागतो. शंभर रुपये! १८८२ मध्ये ती रक्कम मोठी असेल. आज शंभर रुपयांत घराच्या दाराची कडीसुद्धा येत नाही, पण कलमातला आकडा तोच राहिला आहे.

मग साठेखताने मिळतं तरी काय? घर मिळत नाही, पण घर देणाऱ्या माणसाला कोर्टात खेचण्याचा हक्क मिळतो. हा हक्क भिंतींवर चालत नाही, तो त्या माणसाविरुद्ध चालतो. आणि त्याला मुदत असते.

या कागदाभोवती आपल्याकडे तीन-चार समजुती अशा घट्ट बसल्या आहेत, की त्या आधी सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली म्हणजे 'नोटरी केलंय'. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवतो, सही आपल्यासमोर झाल्याचं प्रमाणित करतो आणि आपल्या वहीत तशी नोंद ठेवतो. ती वही त्याच्या कार्यालयात असते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनमध्ये, ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात, तिथे या कागदाचा मागमूसही लागत नाही. उद्या तेच घर दुसऱ्याला विकलं गेलं, तर त्या दुसऱ्याचा वकील इंडेक्स टू पाहील. नोटरीची वही पाहायला कोण जातं?

दुसरी समजूत स्टँपपेपरची. मुद्रांक शुल्क भरणं आणि दस्त नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सरकारचा कर आहे, दुसरी जगाला दिलेली सूचना. एक केली म्हणजे दुसरी झाली असं नाही. तिसरी समजूत घरपट्टीची: 'पावती आमच्या नावावर येते, विजेचं बिल आमच्या नावावर येतं.' येतं खरं. नगरपालिकेला पैसे हवे असतात आणि ते कोण भरतो याची ती नोंद असते. मालक कोण हे पावती ठरवत नाही.

चौथी समजूत मात्र अगदी चिवट. बारा वर्षं राहिलं की घर आपलं! गावाकडे तर ही एखाद्या ऋषिवचनासारखी सांगतात. बारा वर्षांच्या ताब्याने हक्क मिळतो तो मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, त्याला न जुमानता ठेवलेल्या ताब्याने. साठेखताखाली राहणारा माणूस मालकाच्या संमतीने राहत असतो. त्याचा कागदच तसं सांगतो. तेव्हा नुसतं राहून राहून, बारा काय नि बावीस काय, वर्षं मोजण्यात अर्थ नसतो.

हे सगळं कोरडं वाटत असेल, तर एका घराची हकिगत सांगतो. गाव तालुक्याचं होतं एवढंच सांगेन. काही तपशीलही मुद्दाम थोडे बदलले आहेत. २०११ साली मी तिथल्या शाखेत व्यवस्थापक होतो. एक दिवस साठी उलटलेल्या एक बाई आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, सोबत नात. त्यांचे यजमान प्राथमिक शाळेत गुरुजी होते, ते वारले होते. १९९४ मध्ये गुरुजींनी शेजारच्या आळीतलं दोन खोल्यांचं घर जागेसकट घेतलं. किंमत ठरली एक लाख दहा हजार. पंचाण्णव हजार दिले, वीस रुपयांच्या स्टँपपेपरवर साठेखत झालं, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, ताबा मिळाला. उरलेले पंधरा हजार एका वर्षाच्या आत द्यायचे आणि त्याच वेळी खरेदीखत करायचं असं ठरलं. नोंदणी तेव्हाच का नाही केली? कारण शुल्काचे पैसे नव्हते. पुढच्या वर्षी फंडातून कर्ज मिळणार होतं. 'खरेदीखत नंतर करू' हे वाक्य त्या घरात कुणी फसवणुकीने उच्चारलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी ते अगदी भल्या मनाने म्हटलं गेलं होतं. बहुतेक वेळा ते तसंच म्हटलं जातं, आणि म्हणूनच त्यापासून सावध राहणं अवघड जातं.

वर्ष भरत आलं तेव्हा गावाबाहेरच्या रस्त्याचं काम सुरू झालं होतं आणि भाव हलले होते. मालक म्हणाला, आणखी पन्नास हजार द्या. गुरुजींनी एका ओळखीच्या वकिलाला विचारलं. त्या वकिलाला दुवा दिला पाहिजे, कारण त्याने सांगितलं, 'पंधरा हजारांची पे-ऑर्डर काढा आणि रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.' दोन आळ्यांवरच्या माणसाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवायचं, म्हणजे गुरुजींना संकोच वाटला असणारच. पण त्यांनी पाठवलं. पोस्टमनने पाकिटावर शेरा मारला, 'घेण्यास नकार, सबब परत', आणि ते परत आलं. गुरुजींनी ते कपाटात ठेवून दिलं. मालकही गप्प बसला, गुरुजीही गप्प बसले. राहतं घर होतं. कोर्टाची पायरी कोण चढणार?

मालक २००३ मध्ये गेला. २०१० मध्ये त्याच्या मुलांनी दावा लावला: घर आमच्या वडिलांच्या नावावर आहे, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर त्यांचंच नाव आहे, या बाई विनाहक्क राहताहेत, ताबा द्यावा.

बाई बँकेत आल्या त्या पे-ऑर्डरची चौकशी करायला. पिशवीतून त्यांनी ते पाकीट काढलं. सोळा वर्षांपूर्वीचं, पिवळं पडलेलं, लाखेच्या खुणा असलेलं. कधीच न उघडलेलं! 'साहेब, हे उघडून दाखवू का?' असं म्हणून त्यांनी कडेला नख लावलंसुद्धा. मी जवळजवळ ओरडलोच, 'बाई, उघडू नका. ते कोर्टातच उघडलं जाऊ दे.'

इथे एक बँकेतली बाब सांगायला हवी. न वटलेल्या पे-ऑर्डरींची यादी प्रत्येक शाखेत असते आणि ती ताळेबंदाच्या वेळी जुळवावी लागते. त्या यादीत १९९५ ची पंधरा हजारांची एक नोंद होती. आमचे हिशेबाचे लोक दर सहामाहीला ती पुढे ओढत आणि कुरकुरत. तो कुणाचा तरी विसरलेला पैसा आहे असंच सगळे समजत. प्रत्यक्षात तो त्या घराचा सगळ्यात भक्कम पुरावा होता आणि आमच्याच वहीत बसून होता.

आता कायद्याकडे. साठेखताची अंमलबजावणी करून मागण्याच्या दाव्याला, म्हणजे 'मला खरेदीखत करून द्या' असं कोर्टाला सांगण्याला, मुदत तीन वर्षांची. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून. ठरली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. गुरुजींची मुदत केव्हाच, १९९८ मध्येच संपली होती. तेव्हा मुलांच्या वकिलाचं म्हणणं वरवर बिनतोड होतं: यांचा हक्क मुदतबाह्य झाला, विषय संपला.

पण १९२९ साली त्याच १८८२ च्या कायद्यात एक कलम घातलं गेलं, ५३-अ. त्याला कायद्याच्या भाषेत अंशतः पालनाचं तत्त्व म्हणतात. लेखी करार आहे, त्यावर मालकाची सही आहे, कराराप्रमाणे घेणाऱ्याने ताबा घेतला आहे, कराराला धरून पुढे काही केलं आहे आणि आपल्या वाट्याचं उरलेलं पुरं करायला तो तयार आहे. मग खरेदीखत झालं नाही एवढ्या कारणाने मालकाला त्याला बाहेर काढता येणार नाही. वकील मंडळी म्हणतात, ही ढाल आहे, तलवार नव्हे. हल्ला करता येत नाही, पण आलेला वार अडवता येतो. आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या मुंबई उच्च न्यायालयातूनच वर गेलेल्या एका प्रकरणात, असा निर्वाळा दिला की अंमलबजावणीच्या दाव्याची मुदत संपली तरी ही ढाल गळून पडत नाही.

'उरलेलं पुरं करायला तयार आहे' हे मात्र सिद्ध करावं लागतं. शंभरात नव्वद घरं इथे घसरतात. आम्ही तोंडी सांगितलं होतं, भावजींच्या समोर सांगितलं होतं, असं साक्षीत म्हणतात आणि उलटतपासणीत कोसळतात. या बाईंकडे बंद पाकीट होतं, त्यावर सरकारी शेरा होता आणि आत पंधरा हजार होते.

पण थांबा, आणखी एक धोंड वाटेत होती. वीस रुपयांचा स्टँप. ताबा दिलेलं साठेखत हे महाराष्ट्रातल्या मुद्रांक कायद्यानुसार शुल्कापुरतं खरेदीखतासारखंच मानलं जातं. अपुऱ्या मुद्रांकाचा कागद कोर्ट पुराव्यात वाचत नाही. तो अटकावून ठेवतं. शुल्कातला फरक आणि त्यावर दरमहा दोन टक्क्यांनी चढलेला दंड भरल्यावरच कागद बोलू लागतो. १९९४ मध्ये वाचवलेल्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम बाईंनी भरली. त्यासाठी पाटल्या मोडल्या. कर्ज का नाही घेतलं, असं विचाराल तर ते आम्हीच देऊ शकत नव्हतो. घर त्यांच्या नावावर नव्हतं ना!

ढाल टिकली. मुलांना ताबा मिळणार नाही, असा निकाल लागला. पण म्हणून बाई मालक झाल्या का? नाही. ढालीमागे राहता येतं, ढाल विकता येत नाही. उताऱ्यावर नाव दिवंगत मालकाचंच. घर गहाण टाकता येईना, नातीच्या शिक्षणाला तारण देता येईना, दुरुस्तीला परवानगी मागायची तर अर्जदार कोण हाच प्रश्न. आणि मुलांचीही तीच गत: नाव आहे, घर नाही. असा त्रिशंकू दोन्ही बाजूंना जेव्हा सारखाच छळू लागतो, तेव्हा तडजोडीला बरं वातावरण तयार होतं. मुलांनी अपील केलं होतं. ते लोकन्यायालयात मिटलं. पंधरा हजारांऐवजी काही अधिक रक्कम देऊन २०१३ मध्ये नोंदणीकृत खरेदीखत झालं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसून बाईंनी अंगठा टेकला, तेव्हा ताबा घेऊन एकोणीस वर्षं झाली होती.

ही हकिगत वाचून कुणाला हायसं वाटलं असेल, तर एक तारीख ठळक अक्षरांत लिहून ठेवा: २४ सप्टेंबर २००१. त्या दिवसापासून कायदा बदलला. त्यानंतर झालेलं, ताबा देणारं साठेखत नोंदवलेलं नसेल तर ५३-अ ची ढाल मिळत नाही. गुरुजींचा कागद १९९४ चा होता म्हणून निभावलं. तोच कागद, तीच माणसं, तेच पाकीट, पण साल २००४ असतं, तर निकाल दुसरा लागला असता. कायद्याच्या पुस्तकातली एक दुरुस्ती किती स्वयंपाकघरांतून शिरते, याचा विचार ती करणाऱ्यांनी केला असेल का, कोण जाणे.

मग २००१ नंतरचा नोंदणी नसलेला कागद म्हणजे निव्वळ रद्दी का? तसंही नाही, आणि हे मी जरा आवाज चढवून सांगतो, कारण अनेकजण 'आता काही होत नाही' म्हणून घरी बसतात आणि खरोखर काही होईनासं होतं. नोंदणी कायद्याच्या ४९ व्या कलमाच्या परंतुकाप्रमाणे, नोंदणी नसलेला कागदसुद्धा अंमलबजावणीच्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून वाचता येतो. २०२३ मध्ये तामिळनाडूतून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे ढाल गेली, पण तीन वर्षांच्या आत कोर्टात गेलात तर तलवार अजून हातात आहे. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशी अंमलबजावणी देणं-न देणं पूर्वीसारखं न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेलं नाही. अटी पुऱ्या केल्या तर ती द्यायची, असा कल कायद्याने घेतला आहे. मुख्य अट तीच जुनी: मी माझा वाटा द्यायला सुरुवातीपासून तयार होतो आणि आहे. ते बँकेच्या खात्यातून दिसलं पाहिजे, छातीवर हात ठेवून नव्हे.

आणि पैसे? दिलेल्या रकमेपुरता घेणाऱ्याचा त्या मालमत्तेवर बोजा असतो, जसा सातबाऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा असतो तसा. फरक एवढाच की हा बोजा कायद्यानेच निर्माण होतो, उताऱ्यावर दिसत नाही. ५५ व्या कलमातली ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. बोजा वसूल करण्याच्या दाव्याला मुदत बारा वर्षांची आहे. ऋषिवचनातली बारा वर्षं खरी उपयोगी पडतात ती इथे. अर्थात घेणाऱ्यानेच विनाकारण माघार घेतली असेल, तर हा आधार त्याला मिळत नाही.

दुसरं एक जोडपं आठवतं. पुण्याच्या वेशीवरचा, जुना, दुसऱ्या हातचा फ्लॅट. २००६ मध्ये नऊ लाखांना ठरला, सात दिले, नोटरीसमोर करार झाला, डिसेंबर २००७ पर्यंत खरेदीखत करायचं ठरलं, ताबा त्या वेळी मिळायचा होता. मालक आज-उद्या करत राहिला. २००९ मध्ये उरलेल्या दोन लाखांच्या कर्जासाठी ते आमच्याकडे आले. आमच्या पॅनेलवरच्या वकिलाने शोध घेतला आणि दुपारी फोन केला, 'साहेब, हा फ्लॅट गेल्याच महिन्यात नोंदणीकृत खरेदीखताने तिसऱ्याच माणसाला विकला गेलाय.' ती बातमी त्या दोघांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. नवरा काही बोलला नाही. बायकोने विचारलं, 'मग आमचा कागद काय आहे?'

ते पोलीस चौकीत गेले. जायला हवंच होतं. फसवणुकीचा गुन्हा तो गुन्हाच. पण चौकीतल्या बाकावर त्यांचं दीड वर्ष गेलं, आणि दिवाणी मुदतीचं घड्याळ पोलिसांसाठी थांबत नसतं. आरोपीला शिक्षा होणं वेगळं आणि आपल्याला घर मिळणं वेगळं. शेवटी तीन वर्षं पुरी व्हायला जेमतेम महिना उरला असताना त्यांनी दावा लावला. ज्याने पूर्ण किंमत मोजून, आधीच्या कराराची माहिती नसताना घर घेतलं, त्याला कायदा संरक्षण देतो. या नवीन खरेदीदाराने इंडेक्स टू पाहिला होता आणि तो कोरा होता. त्याचं काय चुकलं? जोडपं त्या घरात राहत असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, कारण प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाचा हक्क काय ते नव्या घेणाऱ्याने विचारलंच पाहिजे असं कायदा धरून चालतो. पण घराला मालकाचंच कुलूप होतं. घर गेलं. वकिलाने दाव्यात 'घर नाही तर पैसे व्याजासकट' ही पर्यायी मागणी घातली होती, म्हणून सात लाख आणि व्याज मिळण्याचा हुकूम झाला. ती मागणी त्याच दाव्यात घालावी लागते. पुष्कळांची ती राहून जाते. हप्त्याहप्त्याने ते पैसे हाती येईपर्यंत त्या भागातले भाव कुठे गेले होते, ते पुणेकरांना सांगायला नको.

दावा लावला की काम झालं असंही समजू नका. दावा चालू असताना घर विकलं तरी घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक असतो, हा नियम देशभर आहे. पण आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीपासून त्याला एक शेपूट आहे: दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही, तर मधल्या काळातला घेणारा 'मला काय माहीत' म्हणायला मोकळा. वकिलाला हे एकदा विचारून घ्यावं. त्याला राग येणार नाही.

बिल्डरकडून घर घेणाऱ्यांची वाट निराळी आणि तुलनेने बरी आहे. १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरला किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवण्याची सक्ती केली. बिल्डर नोंदवत नसत आणि भुर्दंड मात्र घेणाऱ्याला बसे. म्हणून पुढे ४-अ कलम घालून नोंदणी नसलेला करारही पुरावा म्हणून वाचायची मुभा दिली गेली. २०१६ च्या रेरा कायद्याने मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. २०१७ पासून महारेराकडे दाद मागता येते, आणि 'घर ज्याला वाटप झालं तो' अशी घेणाऱ्याची व्याख्या असल्यामुळे, हातात नुसतं वाटपपत्र असलेलाही तिथे अगदीच उपरा ठरत नाही. पण बिल्डर दहाऐवजी तीस टक्के मागतो आणि 'रजिस्ट्रेशन स्लॅब पडल्यावर' असं हसतमुखाने सांगतो, तेव्हा तो आपल्याला सवलत देत नसतो, कायदा मोडत असतो, हे त्याच्या एसी ऑफिसात चहा पिताना लक्षात राहायला हवं.

आणि शहरांच्या कडेला गुंठा-दीड गुंठ्याचे तुकडे घेऊन राहिलेली लाखो माणसं? त्यांना 'नोंदणी का केली नाही' असं विचारणं मला क्रूर वाटतं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे त्यांचा तुकडा नोंदवलाच जात नव्हता. घर हवं होतं, परवडत होतं तेवढंच, म्हणून नोटरीचा कागद आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन त्यांनी पत्रे टाकले. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करून काहींना वाट काढून दिली. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलमुखत्यारपत्र म्हणजे खरेदीखत नव्हे असं निक्षून सांगितल्यावर, अशा कागदांच्या जोडीवर विसंबलेल्या किती घरांत झोप उडाली असेल!

ज्यांच्या डब्यात असा कागद आज आहे, त्यांनी आधी तारीख पाहावी आणि विकणारा हयात आहे का ते पाहावं. हयात असेल आणि मनाने सरळ असेल, तर याच महिन्यात त्याला घेऊन जावं. सही झालेला दस्त चार महिन्यांत नोंदणीला हजर करायचा असतो. दंड भरून आणखी चार महिने मिळतात. तेही उलटले असतील तर जुना कागद जोडून दोघांनी नव्याने पुष्टीचा दस्त करण्याची रीत आहे. विकणारा टाळतो आहे पण दस्तावर त्याची सही आहे आणि मुदत शिल्लक आहे, तर घेणारा एकटाही तो हजर करू शकतो आणि निबंधक समोरच्याला बोलावून घेऊ शकतो. सही करणाऱ्याच्या पश्चात मात्र त्याचे वारस, त्या वारसांच्या बायका, परदेशातला भाऊ, बोलणं बंद असलेली बहीण, एवढ्या सगळ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. आमच्या शाखेत एका घरासाठी अकरा सह्या लागल्या होत्या आणि त्यातली एक कॅनडातून यायची होती.

परवा भाच्याचा फोन आला. तळेगावला एक जुना फ्लॅट बघितलाय, मालक सज्जन आहेत, वडिलांच्या ओळखीतले आहेत. 'मामा, आत्ता नोटरी करून इसार देतो, रजिस्ट्रेशन दिवाळीनंतर म्हणतायत. चालेल ना?' मी म्हटलं, मालकांनी स्वतः घर घेतलं तेव्हाचा इंडेक्स टू तेवढा मागून घे. त्याने मागितला, मालकांनी लगेच दिला. माणूस खरंच सज्जन. त्यावर खरेदीदार म्हणून दोन नावं होती. दुसरं नाव मालकांच्या पत्नीचं होतं, आणि साठेखताच्या मसुद्यात त्यांच्या सहीसाठी जागाच ठेवलेली नव्हती. बाई सध्या मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला आहेत. त्या परत आल्या की दोघांच्या सह्या घेऊन, साठेखत नोंदवूनच इसार द्यायचा असं ठरलं आहे. तोवर भाचा भाड्याच्या घरात आहे आणि माझ्यावर थोडा रागावला आहे.